वाचकांचे प्रश्न : बॉम्बरचे गनर खरंच एवढे नेमबाज होते का?

फायटर सिम, म्हणजे लढाऊ विमान उडवायचे गेम, खेळणाऱ्यांकडून या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच विषयावर आलेत, दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बर स्वतःचा बचाव कसा करतो आणि गेममध्ये दाखवतात ते कितपत खरं. त्यातले सात घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, पण हा विषय दोन ओळींत संपणारा नाहीच.

प्रश्न : मी बरीच वर्षं आयएल-२ खेळतोय. बॉम्बरच्या मागे गेलो की तीनशे मीटरवर यायच्या आतच त्याचा गनर माझं इंजिन तरी फोडतो नाहीतर थेट पायलटलाच मारतो. खऱ्या युद्धात गनर इतके अचूक होते का, की गेमवाल्यांनी उगाच वाढवून ठेवलंय?

उत्तर : बराचसा दोष गेमचा आहे, पण थोडा तुमच्या अ‍ॅप्रोचचाही आहे, आणि तो आधी बघू कारण तो आजच्या आज सुधारता येईल. बॉम्बरच्या बरोबर मागून, त्याच्याच उंचीवर, सावकाश जवळ जायचं म्हणजे गनरच्या दृष्टीने तुम्ही आकाशात एका जागी थांबलेले असता. हिशोब करून बघा ना. बी-१७ या चार इंजिनांच्या अमेरिकन बॉम्बरची फॉर्मेशन २५ हजार फुटांवर ताशी साधारण ३६० किलोमीटरने चाललीय, तुम्ही ५४० ने मागून येताय, म्हणजे फरक १८० चा, सेकंदाला ५० मीटर. हजार मीटरपासून दोनशे मीटरपर्यंत यायला १६ सेकंद लागले. या १६ सेकंदांत तुम्ही आडवे सरकत नाही, वर-खाली होत नाही, फक्त मोठे मोठे दिसत जाता. त्याची पॉइंट फिफ्टी ब्राउनिंग मशीनगन सेकंदाला १३ च्या आसपास गोळ्या सोडते, शेपटीत अशा दोन, म्हणजे एकट्या टेल गनरकडे तेवढ्या वेळात चारशे गोळ्या मारायची संधी आहे, सलग कोणी मारत नाही, बॅरल तापतं, पण निम्म्या धरल्या तरी दोनशे झाल्या. आणि तुम्ही जर मेसरश्मिट १०९ हे जर्मन फायटर घेऊन गेला असाल तर त्याचं इंजिन पाण्यावर थंड होणारं, रेडिएटरला एक गोळी लागली की काही मिनिटांत खेळ संपला. म्हणजे मागे जाऊन बसलात तर गोळी लागणारच, यात गनर नेमबाज असायची गरजच नाही.

आता गेमचा दोष. खऱ्या गनरला अंतर डोळ्याने ठरवावं लागायचं, साइटच्या रिंगमध्ये समोरच्या विमानाचे पंख केवढे दिसतात त्यावरून. एआय गनरला तुमचं अंतर, वेग, दिशा हे सगळं प्रोग्राममधूनच कळलेलं असतं, मग प्रोग्रामर त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळतात, आणि ती चूक किती मिसळायची यावरच सगळी भांडणं चालू असतात. शिवाय उणे ४० अंशांची थंडी, विजेवर गरम होणारा सूट, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात जड मशीनगन, या गोष्टी कुठल्याच गेममध्ये पूर्ण येत नाहीत. मला सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे बॉम्बर जोरात वळण घेतोय, जी-फोर्सने माणूस फरशीला चिकटायला पाहिजे, आणि एआय गनर मात्र काहीच झालं नसल्यासारखा नेम धरून मारतोय. हे चूकच आहे, आणि याबद्दल खेळणाऱ्यांनी ओरडायलाच पाहिजे.

खरे गनर किती पाडायचे याचं एक उदाहरण देतो. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन बी-१७ श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर गेली होती. परत आल्यावर गनरांनी मिळून २८८ जर्मन फायटर पाडल्याचा दावा केला. जर्मन नोंदींप्रमाणे त्या दिवशी गेली २५ ते २७. यात कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं अजिबात नाही. एकाच फायटरवर वेगवेगळ्या विमानांतले दहा-वीस गनर मारत असायचे, तो पडला की प्रत्येकाला वाटायचं आपणच पाडला. आणि हल्ला करून जर्मन पायलट अर्धा रोल करून उलटा होऊन खाली डाइव्ह मारायचे, थ्रॉटल हलवला की एक्झॉस्टमधून काळा धूर यायचा, आता वरून बघणाऱ्या घाबरलेल्या वीस वर्षांच्या पोराला ते पडणारं विमानच वाटणार ना.

पण मग गनर निरुपयोगी होते का? नाही, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला खरा मुद्दा इथेच आहे. गनरचं पहिलं काम पाडणं नव्हतं, समोरच्याचा नेम बिघडवणं होतं. फायटर पायलटला जीव एकच होता. ट्रेसर, म्हणजे चमकत जाणाऱ्या गोळ्या, अंगावर येताना दिसल्या की तो दोनशे मीटरऐवजी सहाशे मीटरवरूनच ट्रिगर दाबून वळायचा, आणि तिथून मारलेलं फारसं लागत नाही. तुम्हाला गेममध्ये ती भीती नाही, मेलात की परत दोन मिनिटांत हवेत. भीती तर कोडमध्ये घालता येत नाही, म्हणून गेम बनवणारे तिच्या जागी जास्त हिट्स घालतात, कारण तसं केलं नाही तर कोणीही शेपटीला चिकटून आरामात बॉम्बर पाडेल. आकडा खोटा असतो, पण त्यामुळे तुम्ही मागून जायचं टाळायला लागलात तर तुमचं वागणं मात्र खऱ्या पायलटसारखं होतं. मी म्हणून गनरची अचूकता बघून गेमला रिअलिस्टिक म्हणत नाही, फायटर कसे वागायला लागतात ते बघतो.

प्रश्न : मग मागून जायचं नाही तर जायचं कुठून? जर्मन पायलट नक्की काय करायचे?

उत्तर : सुरुवातीला तेही मागूनच जायचे आणि मार खायचे. त्यांनी नंतर हिशोब काढला की बी-१७ मागून पाडायला २० मिलिमीटरच्या साधारण २० गोळ्या लागायला हव्यात, आणि सरासरी पायलटच्या शंभरातल्या दोनच लागतात. म्हणजे २० लागायला हजार मारायच्या. फोके वुल्फ १९० या जर्मन फायटरमध्ये चारही तोफांच्या मिळून सातशे-आठशे गोळ्या असायच्या, म्हणजे सरासरी पायलटने सगळा दारूगोळा संपवला तरी एक बॉम्बर पडेल याची खात्री नाही! गेममध्ये एका पासमध्ये दोन-दोन बॉम्बर पाडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

समोरून मात्र चार-पाच गोळ्याही पुरायच्या, कारण समोर दोन्ही पायलट, कंट्रोल्स, इंजिनं सगळं उघडं. नोव्हेंबर १९४२ मध्ये एगोन मायर या जर्मन पायलटने हा समोरून हल्ला नीट बसवला. बी-१७ एफ ला नाकात जोरदार टरेट (गन बसवलेला फिरता बुरूज) नव्हता हेही त्यात धरलेलं होतं, पुढे जी मॉडेलला हनुवटीखाली दोन गनचा टरेट आला तो त्यामुळेच. पण समोरून जाताना दोघांचे वेग मिळवा, ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. मघाचं तेच आठशे मीटर आता तीन सेकंदांत संपतं. गनरला तीन सेकंद, पण तुम्हालाही तीनच, त्यातला नेम धरून मारायचा वेळ जेमतेम एक सेकंद, आणि नंतर धडक टाळायची. नवीन पायलटना हे जमायचं नाही, म्हणून १९४४ मध्ये जर्मनांनी उलटा रस्ता धरला, फोके वुल्फला जादा चिलखत आणि ३० मिलिमीटरच्या तोफा लावून घोळक्याने परत मागूनच पाठवायला लागले. ३० मिलिमीटरच्या तीन गोळ्या सरासरीने पुरायच्या, पण त्या तोफेचा गोळा हळू जातो त्यामुळे अगदी जवळ जावं लागायचं. आणि ही चिलखती विमानं इतकी जड झाली की अमेरिकन मस्टँग फायटर वर आले की त्यांना पळताही येईना, त्यांना सांभाळायला वेगळे १०९ पाठवावे लागायचे.

तुम्ही गेममध्ये समोरून वरून सुरुवात करा, बॉम्बरच्या बाजूने पुढे निघून जा, तीन-चार किलोमीटर पुढे गेल्यावरच वळा, त्याच्या आधी वळलात तर लाइन अप करायला वेळ पुरत नाही. हे जमत नसेल तर उंचावरून बाजूने डाइव्ह मारत या. काही करा पण वेगातला फरक मोठा ठेवा आणि मारून झाल्यावर बॉम्बरच्या वर चढू नका, खाली निघून जा.

प्रश्न : मी उलट्या बाजूचा आहे, वॉर थंडरमध्ये बी-१७ उडवतो. १३ गन असून एकटा फायटर येऊन मला पाडतो. याला फ्लाइंग फोर्ट्रेस म्हणायचं?

उत्तर : तुम्ही एकटे आहात, तिथेच सगळं आलं. १३ गनचा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण कुठल्याही एका दिशेला त्यातल्या चार, फार तर सहा वळतात. बी-१७ चा बचाव फॉर्मेशन धरून आखला होता, विमान त्या फॉर्मेशनचा एक तुकडा. अमेरिकन हवाई दलातले कमांडर कर्टिस लमे यांनी बसवलेल्या कॉम्बॅट बॉक्समध्ये विमानं पुढे-मागे आणि वर-खाली अशी लावायचे की एकाचा आंधळा कोपरा दुसऱ्याच्या गनने झाकला जावा. १८ विमानं धरली तर २३४ गन. जर्मनांना हे चांगलं माहीत होतं, म्हणून ते आधी २१ सेंटीमीटरची रॉकेट लांबून मारून फॉर्मेशन फोडायला बघायचे.

यातली एक गोष्ट मला फार आवडते आणि ती गेममध्ये यायलाच हवी असं वाटतं. जर्मन हवाई दलात पायलटांना पॉइंट मिळायचे, चार इंजिनांचा बॉम्बर सरळ पाडला तर तीन, पण त्याला नुसतं जखमी करून फॉर्मेशनमधून बाहेर काढला तरी दोन, आणि असा बाहेर पडलेला एकटा बॉम्बर नंतर कोणी संपवला तर त्याला फक्त एक. म्हणजे खुद्द शत्रूच्या हिशोबात फॉर्मेशन तोडणं हे जखमी बॉम्बर संपवण्याच्या दुप्पट अवघड काम होतं. तुम्ही प्रत्येक मॅच त्या एक पॉइंटवाल्या अवस्थेतच सुरू करताय.

एसेस हायमध्ये यावर एक चांगला उपाय आहे, तिथे एक खेळाडू तीन बॉम्बरची छोटी फॉर्मेशन घेऊ शकतो, आणि गनरच्या जागी बसलं की वळू शकतील त्या बाकीच्या गनही बरोबर चालतात. तीन म्हणजे बॉक्स नव्हे, पण एकापेक्षा खूप बरं. तुमच्या गेममध्ये ती सोय नसेल तर दोन मित्र बरोबर घ्या आणि खरंच चिकटून उडा, एक किलोमीटर लांब उडून फॉर्मेशन होत नाही.

पण फॉर्मेशन असली म्हणजे सुरक्षित झालात असंही समजू नका. १८ डिसेंबर १९३९ ला २२ ब्रिटिश वेलिंग्टन बॉम्बर विमानं फॉर्मेशन धरून दिवसाढवळ्या हेलिगोलँडच्या बाजूला गेली, त्यातली १२ गेली, कारण नाकातले आणि शेपटीतले टरेट बाजूला पूर्ण वळत नव्हते आणि जर्मन नेमके बाजूने आले. १४ ऑक्टोबर १९४३ ला श्वाइनफुर्टवर परत गेलेल्या २९१ बी-१७ पैकी ६० पडली, आणि ती तर उत्तम बॉक्समध्ये होती.

प्रश्न : गनर एआयवर न सोडता मी स्वतः चालवतो पण बाजूच्या गनने काहीच लागत नाही. फायटरच्या पुढे किती लीड घ्यायची?

उत्तर : पुढे घेऊच नका! ही चूक जवळजवळ सगळे करतात, आणि त्या वेळी भरती झालेली पोरंही हीच करायची, कारण जमिनीवर उभं राहून उडत्या पक्ष्यावर मारायची सवय. तुमची बंदूक इथे सेकंदाला शंभर मीटर वेगाने पुढे चाललीय, तर बाजूला मारलेली गोळीही तेवढ्याच वेगाने पुढे सरकत जाते. आणि तुमच्यावर नाक धरून येणारा फायटर सरळ रेषेत येत नाही, तुम्ही पुढे जाताय म्हणून त्याचा रस्ता वाकत वाकत तुमच्या शेपटीकडे जातो. म्हणून अमेरिकन गनरांना शिकवायचे की हल्ला करणारा फायटर आणि आपल्याच विमानाची शेपटी यांच्या मधल्या जागेत नेम धरा. फायटर बरोबर बाजूला असेल तर शेपटीकडे जास्त अंतर सोडायचं, तो मागे मागे सरकत जाईल तसं कमी कमी करत जायचं, आणि तो बरोबर मागे आला की सरळ त्याच्यावरच.

कमरेच्या खिडकीतून बघताय असं समजा. फायटर खिडकीच्या मधोमध दिसतोय, त्याचं नाक तुमच्याकडे आहे. रिंग साइट त्याच्यावर आणा आणि मग शेपटीच्या बाजूला ढकला. सुरुवातीला हात ऐकत नाही, तो पुढेच जायला बघतो. ज्या गेममध्ये गोळीला विमानाचा वेग नीट दिलेला असतो तिथे हा नियम चालतो, आणि चालत नसेल तर त्या गेमचं फिजिक्स कच्चं आहे हे तुम्हाला फुकटात कळलं. हा नियम फक्त तुमच्यावर येणाऱ्या फायटरसाठी आहे हं, शेजारच्या विमानावर जाणाऱ्याला वेगळी लीड लागते. आणि गोळ्या जपा, एका गनला पाच-सहाशे असतील तर त्या पाऊण मिनिटात संपतात.

प्रश्न : बॉम्बरला बॉम्बच न देता नुसत्या गन भरून एस्कॉर्ट म्हणून पाठवलं तर? मिशन एडिटरमध्ये करून बघावं म्हणतोय.

उत्तर : अमेरिकेने हे खरोखर करून बघितलंय, वायबी-४० नावाने, मे १९४३ पासून. बी-१७ लाच जादा टरेट, जादा चिलखत, भरपूर दारूगोळा. जाताना ठीक, पण बॉम्ब टाकल्यावर बाकीची विमानं हलकी होऊन पळायला लागायची आणि हे जड धूड मागे राहायचं, म्हणजे रक्षण करणाऱ्यालाच सांभाळायची वेळ. काही महिन्यांत बंद केलं. एडिटरमध्ये जरूर करा, पण परतीचा प्रवासही ठेवा, नाहीतर ती खोड दिसणारच नाही.

प्रश्न : बी-२९ चे टरेट कॉम्प्युटरवर चालायचे म्हणे. मग तिथे तरी एआय गनर अचूक दाखवणं बरोबर ना?

उत्तर : हो, तिथे मी गेमला सूट देईन. गनर टरेटमध्ये बसायचाच नाही, तो काचेच्या घुमटातून साइट धरायचा आणि अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर लीड काढून लांबचे टरेट वळवायचा. तरी मार्च १९४५ मध्ये टोकियोवर रात्री कमी उंचीवरून जाताना लमे यांनी बहुतेक गन आणि गोळ्या काढून ठेवायला लावल्या, जास्त बॉम्ब नेता यावेत म्हणून. आणि कोरियात मिग-१५ जेट आल्यावर तर हे कॉम्प्युटरवाले टरेटही पुरले नाहीत, ऑक्टोबर १९५१ च्या नुकसानीनंतर बी-२९ दिवसाचं सोडून रात्री जायला लागली.

प्रश्न : रात्री जाणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरबद्दल कोणीच बोलत नाही. तिचे चार बारक्या गनचे टरेट काय कामाचे होते?

उत्तर : बघायच्या कामाचे. टेल गनरकडे चार पॉइंट थ्री-ओ-थ्री ब्राउनिंग, गोळी रायफलची, तर समोर तोफा घेऊन आलेला नाइट फायटर. मारामारीत निभाव लागायचा नाही, पण अंधारात त्याला आधी बघितलं आणि ओरडून पायलटला कॉर्कस्क्रू करायला सांगितलं, म्हणजे एका बाजूला वळत जोरात डाइव्ह, मग दुसऱ्या बाजूला वळत वर, तर तो हरवून जायचा. म्हणून लँकेस्टरच्या गनरची किंमत त्याच्या डोळ्यांत. १९४३ पासून जर्मनांनी वर तोंड केलेल्या तोफा बसवल्या आणि ते पोटाखालून यायला लागले, जिथे बहुतेक लँकेस्टरना ना गन होती ना खिडकी, तेव्हा ते डोळेही कमी पडले. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात काम करणारे फ्रीमन डायसन यांचं तर म्हणणं होतं की टरेट काढूनच टाका, विमान हलकं होईल, वेग वाढेल, आणि पडलंच तर माणसं तरी कमी मरतील. ऐकलं नाही कोणी.

तुम्हाला हे सिममध्ये अनुभवायचं असेल तर जुन्या आयएल-२ च्या मिशन बिल्डरमध्ये चंद्र नसलेली रात्र घ्या, नावं दाखवणारे आयकॉन आणि बाहेरचा व्ह्यू बंद करा, आणि स्वतः फायटर न घेता बॉम्बरचा टेल गनर व्हा. दिवसाचं मिशन करणाऱ्यांनीही हेच दोन ऑप्शन बंद करावेत, बॉम्बर किमान १२ ठेवावेत, त्यांच्या क्रूचं स्किल एस, म्हणजे सगळ्यात वरचं, न ठेवता अ‍ॅव्हरेज किंवा रूकी ठेवावं, एखाद-दुसराच व्हेटरन, आणि मेलात तर मिशन तिथेच संपवायचं असं ठरवून बसावं. पहिल्या दोन-तीन मिशनमध्ये बहुतेक जण सातशे मीटरवरूनच ट्रिगर दाबून वळतात.